एल्कसाठी स्पॉटिंग स्कोप: सरळ की ४५ अंशांचा?

फोर्टकॉलिन्सकर:
ऑक्टोबरात मित्राबरोबर कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स डोंगरांत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जातोय. तंबूपासून रायफलपर्यंत सगळं पाठीवर. १०x४२ दुर्बीण आहे, आता पुढचं भिंग ६५ मिमीचं असलेला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावायची एकनळी दुर्बीण, घ्यायचाय. सरळ घ्यावा की आयपीस (डोळा लावायचं भिंग) ४५ अंशांत वर वळलेला? दुकानात सरळ लगेच जमला. वाकड्यातून समोरचा विजेचा खांबसुद्धा सापडेना. शिवाय मित्र माझ्यापेक्षा चांगलाच उंच आहे.

रानवाट:
वाकडाच घ्या. दुकानात तुम्ही उभ्याने बघितलंत. डोंगरात सॅकला पाठ टेकून, जमिनीवर बसून तासन्‌तास समोरचा चढ चाळायचा असतो. सरळ स्कोपला ट्रायपॉड डोळ्यांपर्यंत चढवावा लागतो आणि वर बघताना मान अवघडते. वाकड्याला ट्रायपॉड बुटका चालतो. तो हलका असतो आणि वाऱ्यात कमी थरथरतो.

या थरथरीला मी फार जपतो. तिकडच्या बहुतेक युनिटांत (शिकारीच्या विभागांत) नर एल्कच्या एका शिंगाला किमान ४ टोकं हवीत, नाहीतर बुडाजवळचं टोक किमान ५ इंच तरी हवं. मैलभरावरून दिसतंय ते चौथं टोक की मागची फांदी, हे नाचत्या चित्रात कळत नाही. आणि खात्री नसेल तर त्या नरामागे निघायचंच नाही. म्हणून वजन वाचवायचं तर ५५ मिमीचा स्कोप घ्या, पण ट्रायपॉड काडीसारखा घेऊ नका.

जनावर सापडण्याचं म्हणाल तर तो सवयीचा भाग आहे. दुर्बिणीतून आधी खूण धरा: वठलेलं झाड, पांढरा खडक. मग झूम अगदी खाली आणून तिथे या. नळीवर झिप-टाय बांधून तिचं टोक नेम धरायला बंदुकीच्या माशीसारखं वापरता येतं. घरामागच्या टेकडीवर रोज संध्याकाळी सराव करा, हात बसतो. ऊन चढलं की हवा लहरते, तेव्हा ६० पट विसरा, २५-३० वरच बघा.

मित्र उंच असेल तर वाकडा आणखीच सोयीचा. ट्रायपॉड तुमच्या उंचीला लावा, तो थोडा वाकून बघेल.

लारामीवाला:
मी वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्न (हरणासारखं जनावर) बघतो, तेही बहुतेक ट्रकच्या काचेला क्लॅम्प लावून. तिथे सरळच बरा. कड्यावरून खाली बघायलाही तोच. वाकड्याचा आयपीस आभाळाकडे तोंड करून असतो, बर्फ थेट काचेवर पडतो. टोपण दोरीने बांधून ठेवा.

पाणपक्षी:
मी शिकारी नाही, भिगवणला फ्लेमिंगो बघते. काठावर पाचसहा जण पाळीपाळीने बघतात, लहान मुलंही असतात. वाकड्याला दरवेळी ट्रायपॉड वरखाली करावा लागत नाही.

फोर्टकॉलिन्सकर:
आभारी आहे. मला चष्मा आहे, तो लावून पूर्ण वर्तुळ दिसेल का?

रानवाट:
आय रिलीफ (आयपीसपासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १५ मिमीच्या वर बघा, तोही पूर्ण झूमवर. आयकप (आयपीसभोवतीची कड) खाली करून, स्वतःचा चष्मा लावूनच दुकानात तपासा. आणि ट्रायपॉड सोबत न्या.