ताक ओतून काळ्या जमिनीचा सामू (पीएच) उतरत नाही

वर्धेचा वाफा
दोन दिवसांपासून एक पोस्ट गटागटांत फिरते आहे: "200 लिटर पाण्यात 2 लिटर आंबट ताक, दर आठवड्याला. महिन्यात जमिनीचा सामू 8.4 वरून 6.5." खाली लोकांनी हात जोडून आभार मानलेत. राहवलं नाही म्हणून लिहितो.

हिशोब करून बघा. 10 फूट बाय 4 फुटांचा वाफा, वरचा 15 सेंटीमीटरचा थर, माती अंदाजे 750 किलो. मुक्त चुना (मातीतलं कॅल्शियम कार्बोनेट) 8 टक्के धरला तर त्या एका वाफ्यात 60 किलो चुना आहे. 2 लिटर ताकात फार तर 20 ग्रॅम लॅक्टिक आम्ल, आणि ते जिरवतं 11 ग्रॅम चुना. तेही अख्खा ड्रम एकाच वाफ्यात ओतला तर. शिवाय बोअरच्या पाण्यात आम्ल मारणारा बायकार्बोनेट असतोच. लिटरला 6 मिलीइक्विव्हॅलंट (प्रयोगशाळेच्या अहवालातलं एकक) असला तर ताकाचं सगळं आम्ल ड्रममध्येच संपतं आणि त्या बायकार्बोनेटचा पाचवा हिस्सासुद्धा उडत नाही.

मातीत आम्ल तयार करणाऱ्या गंधकाचंही तेच. एकरभर जमिनीच्या याच थरातला एक टक्का चुना संपवायला सुमारे 2.6 टन गंधक लागतं. एकरी 10 किलो गंधक हे पिकाचं अन्न आहे, त्यानं सामू बदलत नाही. चुना शिल्लक आहे तोवर आकडा 8 च्या आसपासच राहणार. त्याच्या मागे लागणं सोडा.

गोठा अन् वावर
भाऊ, तुमचा हिशोब कागदावर बरोबर असन. पण ताक टाकलं त पिवळी मेथी हिरवी होते, हे लोकायनं डोयानं पाह्यलं, ते काय खोटं? ताकात जिवाणू हायत. जीवामृतानं माती भुसभुशीत होते. सगळं काई चुन्याच्या टक्क्यावर चालत नाई. असे आकडे फेकून तुमी गरीब माणसाले घरच्या वस्तूवरून उठवता अन् दुकानातल्या पुड्याकडे ढकलता, याचा राग येते.

वर्धेचा वाफा
दादा, मी पुडी कोणती सांगितली? उलट गंधकाचा खर्च वाया जातो तेच लिहिलंय. जिवाणूंनाही नाही म्हटलं नाही. पोस्टमध्ये "सामू 6.5" असं लिहिलंय, माझं भांडण त्या वाक्याशी आहे. आणि गोमूत्र आम्लधर्मी असतं हेही सगळीकडे ठोकून देतात. ताजं गोमूत्र 7.5 ते 8 च्या घरात असतं, शिळं झालं की अमोनियामुळे 9 कडे जातं.

संत्रापट्टा
मेथी हिरवी का झाली त्याचं उत्तर पाण्यात आहे. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर मुळाला लोह मिळत नाहीये. भारी माती सतत ओली ठेवली की मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड आत कोंडतो, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट होतो आणि लोह अडकतं. आठवड्यातून एकदाच ताकाचं पाणी द्यायचं म्हणून लोक रोजचं पाणी बंद करतात. वाफसा येतो, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होते, नवं पान हिरवं निघतं, आणि श्रेय ताकाला.

ज्यांना तातडीनं पान सावरायचं आहे त्यांच्यासाठी: 10 लिटर पाण्यात आधी 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल, ते विरघळल्यावर 50 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), फवारणी संध्याकाळी. क्रम उलटा केला किंवा आम्ल टाकलंच नाही तर हिरवट द्रावण बघता बघता चहाच्या रंगाचं होतं, तळाला तांबूस गाळ बसतो आणि तोच नोझलमध्ये अडकतो. तो गाळ म्हणजे तुमचं लोह. सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर हिराकस वापरण्याआधी कमतरता दाखवून परवानगी काढा.

खारपाण
तुम्ही सगळे "काळी जमीन" म्हणता तेव्हा फक्त चुना धरता. पूर्णेच्या खोऱ्यातल्या अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या गावांत प्रश्न सोडियमचा आहे, आणि तो कोणी विचारत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत 12 बाबी येतात. त्यात ना मुक्त चुना, ना सोडियम. सामू 8.7, ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) 0.4, शेरा "सर्वसाधारण क्षार". तो कागद घेऊन माणसानं करायचं काय?

घरी बघायची रीत सांगतो. काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी घ्या. हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. दोन तासांनी ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला असेल तर जमीन चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली आहे. ढेकूळ नुसतं ढासळलं आणि पाणी नितळ राहिलं तर नाही. अशाच दुसऱ्या ग्लासात चिमूटभर जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आधी विरघळवा. त्यात ढग उठला नाही तर जिप्सम लागू पडणार.

गोठा अन् वावर
जिप्समही सामू उतरवत नाई असं वर म्हणाले ना? मंग आता हे काहून?

वर्धेचा वाफा
मी जिप्समचं नावही घेतलं नव्हतं, पण मुद्दा रास्त आहे. नुसत्या चुनखडीच्या जमिनीत जिप्समनं सामू हलत नाही. चोपण जमिनीत त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणावरून ढकलतं, म्हणून तिथे उतरतो.

खारपाण
आणि ढकललेला सोडियम खाली वाहून गेला तरच. चर नाही, निचरा नाही, आणि उन्हाळ्यात जिप्सम फेकून वरून बोअरचं पाणी सोडलं की क्षार तिथेच फिरत राहतात. जिप्सम पावसाच्या तोंडावर मातीत मिसळा, वाफे उंच करा, भोवती चर काढा, जूनमध्ये धैंचा (हिरवळीचं खत) पेरून दीड महिन्यानं गाडा.

पाण्यासाठी अहवालातला आरएससी बघा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा करून उरलेला कार्बोनेट-बायकार्बोनेट, लिटरला मिलीइक्विव्हॅलंटमध्ये. 1.25 पर्यंत निर्धास्त, 2.5 च्या वर धोका. एकेका मिलीइक्विव्हॅलंटमागे 1000 लिटरला 86 ग्रॅम शुद्ध जिप्सम. म्हणजे आरएससी 4 असेल तर सुमारे 345 ग्रॅम. भुकटी टाकीत ओतली तर तळाला बसते. गोणपाटात बांधून पाण्याच्या धारेखाली टांगा. आणि ईसी 2.25 च्या वर असेल तर जिप्सम टाकूनही ते पाणी भाजीला देऊ नका. शेततळ्याचं पाणी मिसळा.

संत्रापट्टा
मिसळताना लोक सामूची सरासरी काढतात, ती चालत नाही. बायकार्बोनेट आणि ईसीची सरासरी चालते. बायकार्बोनेट 8 असलेलं बोअर आणि 2 असलेलं शेततळं निम्मं-निम्मं, तर बायकार्बोनेट 5. पाण्याचा सामू तसाही फसवा. बोअरमधून काढल्या काढल्या 7.4 दाखवतो, रात्रभर उघडं ठेवलं की कार्बन डायऑक्साइड उडून 8.2.

गच्चीवरची वांगी
जमिनीचं झालं. आम्ही कोकोपीट आणि गांडूळखताच्या 20 लिटरच्या बॅगेत लावतो, तिथे कोणता 60 किलो चुना? बॅगेला पाण्याचा सामू उतरवावाच लागतो. 70 ग्रॅम सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून द्रावण एक लिटर करा. 10 लिटर पाण्यात 10-10 मिली टाकत जा, ढवळा, पाच मिनिटं थांबा, मीटर लावा. 6.5 ला थांबा. 50 मिली लागले तर 200 लिटरच्या ड्रमला एक लिटर. ताकाला नाही म्हणता तर हे तरी मान्य करा.

वर्धेचा वाफा
ताई, बॅगेत पाण्यानं सामू चढतो हे शंभर टक्के खरं. 6 बायकार्बोनेटचं लिटरभर पाणी रोज दिलं तर 100 दिवसांत 30 ग्रॅम चुन्याइतका भार त्या बॅगेत जमतो. पण सायट्रिक हा उपाय टिकणारा नाही. सायट्रेट जिवाणू खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट परत तयार होतो. ताक, लिंबू, व्हिनेगर, सगळ्यांचं तेच. फवारणीला आणि ठिबकची तोंडं मोकळी करायला सायट्रिक उत्तम. बॅगेला गंधक हवं, त्याचं सल्फेट कोणी बायकार्बोनेटमध्ये परत फिरवत नाही. त्या 30 ग्रॅमला साधारण 10 ग्रॅम बारीक गंधक पुरतं. 5 ग्रॅम बॅग भरताना, 5 ग्रॅम दीड महिन्यानं, वरच्या थरात मिसळून. ओलाव्याशिवाय ते कामाला लागत नाही.

गच्चीवरची वांगी
सायट्रेटचं मान्य, नाइलाजानं. पण गंधकाला आठवडे लागतात, तोवर पिवळी पडलेली रोपं बघत बसायची का? तेवढ्या काळापुरतं सायट्रिक देणारच.

झाडीपट्टी
गडचिरोली-गोंदियाकडे विदर्भ संपतो का? आमच्या बरड, मुरमाड जमिनी 5.5 ते 6 च्या. धानाच्या बांधीत पाणी साचलं की सामू आपोआप सातच्या जवळ येतो, परसबागेत येत नाही. तुमच्या पोस्टा वाचून इथले लोक राख टाकायचं बंद करतात. आमच्याकडे राखच पाहिजे. हलक्या जमिनीत गुंठ्याला 10 किलोच्या आसपास चुनखडीची भुकटी. कळीचा चुना नको, आणि कोणताही चुना ताज्या शेणाबरोबर नको, नत्र अमोनिया होऊन उडतं.

वर्धेचा वाफा
बरोबर. काळ्या जमिनीत राख नको, झाडीपट्टीत हवी. म्हणून आधी मोजा. दोन काट्यांचं स्वस्त मीटर मातीत खुपसून नाही. 20 ग्रॅम वाळकी चाळलेली माती, 50 मिली बॅटरीत भरायचं शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळून मग पेनमीटर, तेही 7 आणि 9.2 च्या बफरवर (ठरलेल्या सामूच्या द्रावणावर) लावून घेतलेलं.

गोठा अन् वावर
ताक मी सोडत नाई, सांगून ठेवतो. सामूचं वाक्य पोस्टीतून काढा म्हणता त काढा. पण पाणी मोजून आणाचं म्हणता, तं नमुना कसा न्याचा तेवढं सांगा जी.

खारपाण
मोटार अर्धा तास चालवा, मग एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळखळून काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका. त्याच दिवशी द्या. कार्बोनेट, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि ईसी, सहाही लिहून मागा. नुसतं "पाणी तपासा" म्हटलं तर सामू आणि टीडीएस लिहून परत पाठवतात.