रोमन गेले आणि ब्रिटनची शेतं जंगलाने गिळली? हे एकदा नीट बोलू या

ब्रिस्टलकर: परवापासून एक पोस्ट फिरतेय. ‘410 च्या सुमारास रोमन सत्ता गेली, दोन पिढ्यांत ब्रिटनच्या शेतांवर जंगल माजलं आणि सॅक्सन (जर्मनीकडच्या टोळ्यांतले लोक) आले ते कुऱ्हाडीने वाट काढत.’ लोक वाहवा करतायत. मला राहवेना, म्हणून सविस्तर लिहितो.

जंगल माजलं असतं तर दलदलींच्या गाळात झाडांचे परागकण वाढलेले दिसले असते. उत्तरेला रोमन हद्दीवरच्या हेड्रियनच्या भिंतीजवळ काही ठिकाणी ते दिसतातही, कारण तिथली शेती रोमन फौजेच्या छावण्यांच्या जिवावर चालायची. छावण्या उठल्या, गिऱ्हाईक गेलं. पण दक्षिणेत आणि पूर्वेत जमीन बहुतेक उघडीच राहिली. नांगरट घटली, चराई वाढली, इतकंच. 359 साली, पुढे रोमन सम्राट झालेल्या ज्युलियनने ऱ्हाइनवरच्या फौजेसाठी ब्रिटनमधून जहाजं भरभरून धान्य नेलं होतं. असली वसुली थांबल्यावर शेतकरी घरापुरतं पेरील आणि बाकीची जमीन गुरांना सोडील. यात ‘अंधारयुग’ कुठे आलं?

शिवाय चर. रोमन काळातले शेतांचे चर आणि मध्ययुगातले बांध बऱ्याच ठिकाणी एकाच दिशेने जातात. मधे सगळं झाडीत बुडालं असतं, तर जुनी आखणी कुणाला सापडली असती?

आडवाट: बांध उताराला धरून पडतो. मधे कितीही वर्षं गेली तरी त्याच उतारावर नवा माणूसही तसाच बांध घालणार. दिशा जुळली म्हणजे वहिवाट जुळली, हे कुणी ठरवलं?

आणि शेतकऱ्याच्या घरात बघा ना. 402 नंतर नवी नाणी जवळपास येईनाशी झाली. ऑक्सफर्डशायर, नेन नदीचं खोरं, इथल्या मोठमोठ्या भट्ट्या काही दशकांत थंड पडल्या. ज्या बाईच्या चुलीवर चाकावर घडवलेलं भांडं होतं, तिच्या नातीच्या चुलीवर हाताने थापलेलं ओबडधोबड मडकं आलं. कौलं गेली, खिळे दुर्मिळ झाले. याला ‘चराई वाढली, इतकंच’ म्हणणं ही त्या माणसांची क्रूर थट्टा आहे. गुरांची हाडंसुद्धा रोमन काळात मोठी होत गेली आणि नंतर पुन्हा लहान झाली.

गुरांचा डॉक्टर: थांबा. गाय लहान झाली म्हणजे अधोगती, हे वाचून माझं डोकं तापलं. सरकारी दवाखान्यात जन्म गेला माझा. मोठ्या जनावराला मोठा खुराक लागतो, आणि तो पुरवणारी व्यवस्था मोडली की आधी तेच बसतं. दुष्काळी छावणीत संकरित गायी आडव्या पडलेल्या मी पाहिल्यात. आमची डांगी अकोले-इगतपुरीच्या पावसात दिवसभर उभी राहून चरते. कोकण कपिला तर अंगाने किती छोटी! डोंगर चढते आणि मिळेल त्यावर दूध देते. रोमनांना मांस आणि ओढकाम हवं होतं, म्हणून त्यांनी आकार वाढवला. पुढच्या लोकांना काटक गाय हवी असेल!

दूधवाली: डॉक्टर, काटक गाईचं कौतुक पगारी माणसाला परवडतं. माझ्या दोन्ही मुली शिकल्या त्या संकरित गाईंच्या दुधावर. डांगी घेऊन मी डेअरीत काय घालणार होते?

गुरांचा डॉक्टर: ताई, डेअरी आहे म्हणून ती गाय परवडते. उद्या डेअरीचा टेंपो यायचा बंद झाला तर? ब्रिटनमध्ये नेमका तो टेंपोच बंद झाला होता.

दूधवाली: मग तुम्हीच सांगताय की टेंपो बंद होणं वाईट. आडवाट दुसरं काय म्हणतायत? आणि खाद्याचे भाव बघितलेत का हल्ली?

गुरांचा डॉक्टर: भावाचं मला सांगू नका. जातिवंत वळू मागून मागून थकलो, त्याचं कुणाला काही नाही. आणि वाईट झालं नाही असं मी म्हटलंच नाही. लहान गाईला नाकर्ती म्हणू नका, एवढंच म्हणतोय.

ब्रिस्टलकर: गाईंवरून परत येऊ या का? इंग्लंडमधल्या चेडवर्थच्या रोमन व्हिलाला (श्रीमंताच्या शेतावरच्या वाड्याला) जाऊन आलोय. 2020 मध्ये तिथल्या नक्षीदार फरशीचा काळ जाहीर झाला. खोलीची आडभिंत घालताना खणलेल्या पायाच्या चरात कोळसा आणि हाड सापडलं. कार्बन तपासणीप्रमाणे ती भिंत 424 च्या आधीची असूच शकत नाही. फरशी भिंतीला जुळवून घातलेली, म्हणजे तिच्याही नंतरची. सत्ता गेल्यावर कुणीतरी कारागीर बोलावून नवी फरशी घालून घेत होतं!

आडवाट: आणि ती आधीच्या फरशांपेक्षा कच्ची आहे, नक्षीत चुका आहेत, हे का गाळलंत? कसब उतरणीला लागलं होतं. एका श्रीमंताच्या घरावरून अख्ख्या मुलुखाची खुशाली सांगू नका. कित्येक व्हिलांत अशाच नक्षीवर पुढे चुली पेटल्या.

ब्रिस्टलकर: चूल पेटली म्हणजे माणूस होता! जंगल नव्हतं! माझं म्हणणं तेवढंच आहे, ते न वाचता तुम्ही मला खापरं मोजून दाखवताय.

वरकस: मी संगमेश्वरकडचा, इतिहासातलं कळत नाही. आमचं वरकस रान, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, वडील होते तोवर साफ असायचं. गुरं विकली, भावंडं मुंबईला गेली. आधी करवंद आणि घाणेरी आली, मग ऐन-किंजळीने डोकं काढलं. आता आमचाच बांध आम्हाला सापडत नाही, मोजणीवाल्याला बोलवायला लागलं. जमीन उघडी ठेवायला रोज कुणाचं तरी तोंड आणि कुणाचा तरी कोयता लागतो. तिकडे गवताचे पराग शतकभर दिसत असतील तर तिथून माणसं उठलेली नाहीत.

आडवाट: हे पटलं. दक्षिण-पूर्वेत जंगल माजलं नाही, मान्य. पण त्याच माणसांचं आयुष्य हलाखीचं झालं, हे तुम्हीही मान्य करा, ब्रिस्टलकर. सफोकमधल्या वेस्ट स्टोला 1965 ते 72 च्या उत्खननात जमिनीत खड्डा घेऊन त्यावर उभारलेल्या लाकडी खोपट्यांचं गाव मिळालं. फरशी नाही, कौल नाही.

ब्रिस्टलकर: भांडी आणि छपरं बिघडली, मान्य. हलाखी मात्र नाही. वेस्ट स्टोचे लोक गुरं, मेंढरं, डुकरं पाळत होते, धान्य पेरत होते, सूत विणत होते आणि व्हिलाच्या मालकाला काही देणं लागत नव्हते.

आडवाट: व्हिलाचा मालक गेला, पण दुसरा कुणी आला नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्याच सफोकमध्ये सातव्या शतकात सटन हूला जहाजभर ऐवजासकट राजा पुरला. ते सोनं कुणाच्या धान्यावर आलं?

दूधवाली: खरंय. आणि डॉक्टर, वळूचं काय झालं ते सांगितलंच नाहीत.