बँकेतील सायबर सुरक्षा अभियंत्याचे काम नेमके कसे असते?

प्रश्न :
नमस्कार. मी चार वर्षे एका सॉफ्टवेअर कंपनीत नेटवर्क सुरक्षेचे काम करत असून, आता एका बँकेच्या सायबर सुरक्षा विभागात रुजू होण्याचा विचार आहे. तिथे ऑडिटची कागदपत्रे जुळवण्यापलीकडे फारसे काम उरत नाही, असे काही सहकारी सांगतात. हे कितपत खरे आहे? आधी कशाचा अभ्यास करावा? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ :
ऑडिट भरपूर असते, हे मान्य करायलाच हवे. कार्डांची माहिती हाताळणाऱ्या प्रणालींना पीसीआय डीएसएस हे कार्ड-सुरक्षेचे मानक लागू होते, स्विफ्टशी, म्हणजे बँकांमध्ये पैसे वळते करण्याचे संदेश नेणाऱ्या जागतिक जाळ्याशी, जोडलेल्या बँकेला आपण सुरक्षा नियम पाळतो हे दरवर्षी लेखी कळवावे लागते, आणि त्यांचे पुरावे गोळा करण्यात बराच वेळ जातो. पण या नियमांमागे काय घडले आहे ते समजून घेतले, की हे कागद निरर्थक वाटत नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने सुमारे ९५ कोटी डॉलर वळते करण्याचे ३५ बनावट आदेश न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे गेले आणि ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचले. स्विफ्टचे संदेश छापणारा प्रिंटर तेव्हा बंद पडला होता. कर्मचाऱ्यांना तो नेहमीचा बिघाड वाटला. प्रत्यक्षात मालवेअरने त्याची छपाई रोखली होती.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की आधी पैशाचा मार्ग शिका. व्यवहार ॲपमधून स्विचकडे (व्यवहार योग्य ठिकाणी वळवणाऱ्या प्रणालीकडे), तिथून कोअर बँकिंगकडे (खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या मुख्य प्रणालीकडे) कसा जातो आणि दिवसअखेरीस ताळमेळ कोण घालतो, हे माहीत नसेल, तर रात्री दोन वाजता डेटाबेसवर झालेले प्रशासकाचे लॉगिन हे दिवसअखेरीच्या कामाचा भाग आहे की घुसखोरी, हे तुम्हाला ठरवता येणार नाही. घाईने सर्व्हर नेटवर्कपासून तोडला तर ग्राहकांचे व्यवहार थांबतात, आणि दुर्लक्ष केले तर काय होते ते वर लिहिलेच आहे.

उत्तर २ :
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. एचएसएममध्ये, म्हणजे सांकेतिकीकरणाच्या गुप्त किल्ल्या जपणाऱ्या खास उपकरणात, मुख्य की (किल्ली) भरण्याच्या कामाला मी पहिल्यांदा उपस्थित राहिलो, तेव्हा या क्षेत्राचा स्वभाव मला कळला. कीचे तीन भाग तिघांकडे, वेगवेगळ्या मोहरबंद पाकिटांत होते. प्रत्येकाने आपला भाग टंकताना बाकीच्यांनी पाठ फिरवायची, मग की बरोबर भरली का हे दाखवणारे पडद्यावरचे तपासणी मूल्य नोंदवहीतल्या मूल्याशी अक्षर न् अक्षर जुळवायचे आणि सर्वांनी सह्या करायच्या. कोणा एकाच्या हाती संपूर्ण की कधीही येऊ नये, यासाठी हा सारा खटाटोप असतो. कंपनीत दुपारी लावता येणारा पॅच इथे मंजुरी, चाचणी आणि ठरलेली चेंज विंडो (बदल करण्यासाठी राखलेली वेळ) यांतून जातो; त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. मग प्रमाणपत्र परीक्षा आधी द्यावी का?

उत्तर १ :
ती रुजू झाल्यावरही देता येईल. तोवर आयएसओ ८५८३ या कार्ड-व्यवहारांच्या मानकातील संदेशाची रचना वाचून ठेवा, कारण एटीएम आणि कार्डांच्या व्यवहारांचे लॉग वाचताना ती पहिल्याच आठवड्यात लागेल.