प्रतिसाद: फातोर्डा आयएसएलच्या आधीचं

वर कुणीतरी म्हटलंय की गोव्यातलं मडगावचं फातोर्डा स्टेडियम आयएसएलमुळे, म्हणजे फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगमुळे उभं राहिलं. नाही हो! ते 1989 चं. त्याच वर्षी जानेवारीत तिथे नेहरू चषक ही आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा झाली आणि हंगेरीने ती जिंकली. साळगावकर, धेंपो, चर्चिल या गोव्याच्या जुन्या क्लबांच्या लढती तिथेच रंगायच्या. आयएसएलमधलं एफसी गोवा आलं 2014 मध्ये. हां, 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाआधी त्याचं रूप पालटलं, ते खरं.

पण माझ्या डोक्यात बसलीय ती 2015 ची आयएसएल फायनल, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयन. 87व्या मिनिटाला गोवा 2-1 पुढे, स्टँड नुसता नाचतोय. मग आपल्याच गोलकीपरच्या हातून स्वयंगोल, पाठोपाठ चेन्नईयनच्या मेंडोझाचा गोल. चेन्नईयन 3-2. शेजारचे काका शिट्टी तोंडात तशीच ठेवून बसून राहिले.