प्रतिसाद: यशाची टक्केवारी नेमकी कशाची?

वरच्या चर्चेत एका सदस्यांनी 'साठ टक्के यश' ही एका केंद्राची जाहिरात देऊन आयव्हीएफ (शरीराबाहेर बीज फलित करून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याचा वंध्यत्वावरील उपचार) आता भरवशाचे झाले आहे, असा निष्कर्ष काढला आहे. हे साठ टक्के सुरू केलेल्या उपचारचक्रांपैकी आहेत की गर्भाशयात भ्रूण सोडलेल्या स्त्रियांपैकी, आणि यश म्हणजे चाचणी सकारात्मक येणे की मूल जिवंत जन्मणे, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. शिवाय स्त्रीचे वय आणि बीज स्वतःचे की दात्याचे, यांवरही तो पुष्कळ बदलतो.

ब्रिटनमध्ये १९९१ पासून एचएफईए ही अशा उपचारांवर देखरेख करणारी वैधानिक संस्था प्रत्येक परवानाधारक केंद्राकडून उपचारांची नोंद घेते. तेथे २००८ च्या सुमारास आयव्हीएफच्या जवळपास चारपैकी एका प्रसूतीत जुळी किंवा तिळी होत असत, कारण एकावेळी एकाहून अधिक भ्रूण सोडले जात. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले ३७ आठवड्यांपूर्वी जन्मतात, आणि कमी वजन, नवजात अतिदक्षता कक्ष, आईचा वाढलेला रक्तदाब हे सारे त्यामागोमाग येते. एकावेळी एकच भ्रूण सोडण्याच्या धोरणामुळे जुळ्या-तिळ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०१९ मध्ये ६ टक्क्यांवर आले, तरी जिवंत जन्मांचा दर घसरला नाही. 'दोन सोडले तर संधी वाढते' असे सांगणाऱ्यांनी (असे सांगणारे आपल्याकडे कमी नाहीत) ही आकडेवारी पाहावी.

भारतात सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांची राष्ट्रीय नोंदवही बंधनकारक केली आहे. तिच्यातून केंद्रनिहाय जिवंत जन्म, जुळ्यांचे प्रमाण आणि जन्मवजन सामान्य जोडप्यांना पाहता यायला हवे, असे माझे मत आहे.