मदत हवी आहे: स्पेनमध्ये 8 दिवस गाडीने, तोलेदो-कोर्दोबा-जिरोना कसं बसवू?

अष्टागरची
जरा लवकर सांगा, तिकिटं काढून झाली आहेत. जुलैच्या मध्यात मी आणि नवरा स्पेनला जातोय. रविवारी सकाळी माद्रिदला उतरणार, पुढच्या सोमवारी रात्री बार्सिलोनाहून परत. भाड्याची गाडी. तिन्ही गावांतल्या जुन्या ज्यू वस्त्या बघायच्या आहेत. सोमवारी तोलेदो धरलं होतं, आता कळतंय की तिथलं एल त्रान्सितो सिनेगॉग (ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ) सोमवारी बंद. शनिवारी गाडी चालवायची नाही. काय गाळू?

गाडीवान
लायसन्स कुठलं ते आधी सांगा. भारतातलं असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. ऑटोमॅटिक हवी तर बुकिंग करतानाच मागा, नाहीतर गिअरची गाडी हातात येते.

भटकभवानी
गाडी कशाला? माद्रिद ते तोलेदो रेल्वेने अर्धा-पाऊण तास, कोर्दोबा पावणेदोन तास. जुलैत कोर्दोबाला पारा चाळिशी ओलांडतो.

गाडीवान
रेल्वेने गेलं की स्टेशन ते स्टेशन. वाटेत मनात आलं तिथे थांबायचं ते गाडीनेच. पण शनिवार का नको? वार पाळता का?

अष्टागरची
लिहायचं राहिलंच. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस. आमच्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणायचे ते त्यामुळेच, शनिवारी घाणा बंद असायचा. लायसन्स पुण्याचं, ऑटोमॅटिक चालवते.

काका_नाशिक
मग स्पॅनिश पासपोर्टसाठी अर्ज करा! 2015 साली तिथे कायदा झालाय, 1492 मध्ये तिथून हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देतात.

मेघना_के
काका, त्या अर्जांची मुदत 1 ऑक्टोबर 2019 ला संपली. शिवाय बेने इस्रायल स्पेनहून आलेले नाहीत.

अष्टागरची
बरोबर. आमचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी आमच्यात परंपरा आहे. प्रार्थना मात्र सेफार्दी, म्हणजे स्पेनच्या ज्यूंच्या पद्धतीची, म्हणून त्या भिंती एकदा बघायच्या आहेत. पासपोर्ट नको, मार्ग सांगा.

सुपारी
गोव्याचा वैद्य गार्सिया द ओर्ता माहीत आहे का? त्याचे ज्यू आईवडील 1492 मध्ये स्पेनमधून पोर्तुगालला पळाले. तो 1534 ला गोव्यात आला, इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक 1563 ला गोव्यातच छापलं. मेल्यानंतर 1580 मध्ये इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) त्याची हाडं उकरून जाळली. वडिलांचं गाव वालेन्सिया दे आल्कांतारा, पोर्तुगालच्या सीमेजवळ. तिथे जाच!

मेघना_के
सुपारी, ते पार पश्चिमेला आहे, यांना पूर्वेला जायचंय. आम्ही दोघं गेलो होतो, तुम्ही क्रम उलटा करा. कोर्दोबाचं सिनेगॉगही सोमवारी बंद असतं, म्हणून सोमवार प्रवासात घालवा. माद्रिद ते कोर्दोबा 400 किलोमीटर. मंगळवारी सकाळी लवकर सिनेगॉग (1315 चं, एवढीशी खोली आहे) आणि मायमोनिदेसचा, म्हणजे तिथे जन्मलेल्या थोर ज्यू पंडिताचा पुतळा. बुधवारी तोलेदोला या, गुरुवार सबंध तिथे. एल त्रान्सितोत मान वर करून उभ्या राहा. चुनेगच्चीतली हिब्रू अक्षरं भिंतीभर ओळीने फिरली आहेत, ओळ वाचत वाचत अख्खी खोली फिरून होते. ते बांधणारा सामुएल हा-लेवी राजाचा खजिनदार होता, पुढे त्याच राजाने त्याला छळून मारलं. मला तिथून पाय निघेना. सांता मारिया ला ब्लांका हे तिथलं दुसरं जुनं सिनेगॉगही बघा, पांढरे खांब आणि घोड्याच्या नालासारख्या कमानी. गाडी जुन्या गावात घालू नका, साफोंतच्या पार्किंगला लावा, तिथून सरकत्या जिन्यांनी वर जाता येतं.

शुक्रवारी सकाळी गाडी माद्रिदला परत करा आणि रेल्वेने बार्सिलोना, तीनेक तास. नाहीतर सहाशेच्या वर किलोमीटर हाकावे लागतील, शिवाय गाडी दुसऱ्या गावात सोडण्याचे पैसे वेगळे.

भटकभवानी
म्हणजे रेल्वेच की! मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

गाडीवान
अर्धीच रेल्वे. कोर्दोबा-तोलेदोला गाडीच बरी.

अष्टागरची
शुक्रवारी अंधाराच्या आत पोचू ना?

मेघना_के
आरामात. जुलैत तिथे सूर्य मावळायला रात्रीचे सव्वानऊ-साडेनऊ होतात. पण शनिवारी शब्बाथ सुटायलाही दहा वाजून जातील, जेवणाची सोय आधीच करून ठेवा. बार्सिलोनात सिनेगॉगला जाणार असाल तर आधी ईमेल करा, पासपोर्टची प्रत मागतात. हॉटेल चालत जाता येईल असं घ्या. जिरोना रविवारी सकाळी, वेगवान रेल्वेने पाऊण तासाच्या आत. तिथे एका दगडी चौकटीत मेझुझाची (ज्यू दाराला लावतात त्या धर्मग्रंथातल्या ओळींच्या गुंडाळीची) खाच अजून आहे. मी बोट घालून बघितलं, आतून गुळगुळीत आहे.

अष्टागरची
रेवदंड्याला सासूबाईंच्या दारावर मेझुझा आहे. घरातून निघताना आम्ही त्याला हात लावून ओठांना लावतो. त्यांना फोटो पाठवायचा आहे. ती चौकट कुठल्या गल्लीत? परवान्यासाठी उद्याच आरटीओत जाते.

मेघना_के
सांत ल्योरेन्स गल्ली. चढण आहे, पायात बूट घाला.