सहज बोलून गेलेली माणसं : नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात सोमेश्वरला पावसानं गाठलं. चहाच्या टपरीच्या छपराखाली आम्ही दोघंच, मी आणि एक काका. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. काम तपासणीचं. छापलेला ताव समोर घ्यायचा, शाई कुठं पसरलीय का, रंग सरकलाय का बघायचं, दोष दिसला की खूण करायची, पुढचा ताव. “तीस वर्षं मी फक्त चुका शोधल्या,” काका म्हणाले. प्रेसमध्ये शाबासकी आणि घरी बोंब. भाजीतलं मीठ, पोराच्या वहीतला राहिलेला काना, सुनेच्या रांगोळीतली वाकडी रेघ, काही म्हणजे काही सुटायचं नाही. मग एके रात्री बायकोनं ताट वाढलं आणि ताटाशेजारी लाल पेन्सिल ठेवली. “खुणा करून ठेवा, उद्या बदलून देते.”

ती पेन्सिल त्यांनी जपून ठेवलीय. आता तिनं शब्दकोडं सोडवतात.

पाऊस थांबला तसे काका निघून गेले. मला काही शिकवावं म्हणून बोलले असतील असं वाटत नाही, वेळ घालवत होते. घरी आलो तर मुलगी हत्तीचं चित्र घेऊन उभी. पुढचा पाय बारीक झाला होता. तोंडापर्यंत आलेलं गिळलं.

तुम्हाला असं कोण भेटलंय? रिक्षात, बांधावर, दवाखान्याच्या रांगेत, पंगतीत. नामवंत नकोत, त्यांची भाषणं होतच असतात. अट एकच, सुविचार नको, किस्सा हवा. आणि माणसाचं नाव लिहू नका. गाव, पेठ, धंदा एवढं पुरे.

इंदिरानगर

पंचवटी एक्सप्रेसचा पास मी अकरा वर्षं काढला. नाशिकरोड ते मुंबई १८७ किलोमीटर, आणि संध्याकाळी तेवढंच परत. ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून कळत नाही. आमच्या डब्यात भिशी व्हायची, डोहाळजेवण व्हायचं, हळदीकुंकू व्हायचं. मटार तर किलोकिलोनं सोलून निघायचे.

मुलगा दीड वर्षाचा असताना मी परत कामावर रुजू झाले. पहिला आठवडा खिडकीकडं तोंड करून रडत गेला. समोरच्या बाकावर एक मावशी, मंत्रालयात कामाला, रोज काही ना काही निवडत बसलेल्या. चार दिवस त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. पाचव्या दिवशी गाडी इगतपुरीला थांबली तेव्हा म्हणाल्या, “इथं का थांबते माहितीय? पुढं घाट उतरायचाय, म्हणून ब्रेक तपासतात. तुझं रडणं पण इथपर्यंतच ठेव. कसारा आला की तोंड धुवायचं. कल्याणला गर्दी चढते, तिला कशाला दाखवतेस?” आणि मेथीची अर्धी जुडी माझ्या मांडीवर टाकली.

पुढं कितीतरी महिने मी इगतपुरीपर्यंतच रडले, अगदी नियमानं. मग एक दिवस भिशीचे पैसे मोजत होते, मान वर केली तर गाडी कसाऱ्याला. इगतपुरी कधी गेली कळलंच नव्हतं. मावशी तोवर निवृत्त झाल्या होत्या, सांगायचं राहून गेलं.

दिंडोरी रोड

बँकेत मी शेतीकर्जाचं काम बघायचो. २०१४ च्या मार्चातली गारपीट आठवत असेल. त्या आठवड्यात निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत गेलो. हप्त्याचं विचारायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू. आत शिरलो तर पायाखाली मण्यांचा चिखल, आंबूस वास, माश्या घोंगावतायत. शब्द फुटेना. बागाईतदारच म्हणाला, “साहेब, बसा. चहा ठेवलाय.”

बांधावर बसून त्यानं हिशोब सांगितला. ज्यांना द्राक्षातलं माहीत नाही त्यांच्यासाठी: वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, तिच्यातून घड. गोडी छाटणीपासून माल निघायला साधारण चार महिने लागतात. सगळे दसऱ्याच्या पुढंमागं छाटतात. लवकर छाटलं तर माल आधी येतो, भाव चांगला मिळतो, पण परतीचा पाऊस फुलोऱ्यात गाठतो आणि डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, पडते. उशिरा छाटलं तर पावसातून सुटका, पण बाजारात सगळ्यांचा माल एकदम, आणि फेब्रुवारी-मार्चात आभाळ फिरलं की असं.

या गड्यानं निम्मी बाग भाद्रपदातच छाटून घेतली होती. शेजारी हसले. परतीच्या पावसात त्यातली चौथाई डावणीनं खाल्ली तेव्हा घरचेही हसले. राहिलेला माल जानेवारीत गाडीत बसून गेला. गारांनी झोडपली ती मागची निम्मी. “मी दोन्हीकडून थोडं थोडं बुडायचं ठरवलं व्हतं साहेब,” तो म्हणाला, “म्हणून पुरता बुडालो नाय. तुमचा हप्ता या महिन्याला नाय व्हनार, पन व्हईल.”

झाला. दोन वर्षांत झाला.

निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा मी ते चार ठिकाणी वाटले. आमच्या सौभाग्यवती त्याला अजून ‘ह्यांची छाटणी’ म्हणतात.

सातपूर

माझा अनुभव उलटा आहे, चालेल का? थोरामोठ्यांच्या गोष्टी ऐकून भलं झालं असंच सगळे लिहितील, म्हणून विचारतो.

१९८९ साली मामा म्हणाले, “कंपनीत चिकट. कायम झालास की सुटलास.” चिकटलो. माझ्याबरोबर आयटीआय केलेला एक मित्र त्र्यंबक रोडला पत्र्याची शेड टाकून वेल्डिंग करत बसला, त्याला आम्ही वेडा म्हणायचो. २००२ मध्ये आमच्या गेटला कुलूप लागलं. थकलेले पगार, युनियन, तारखा, ते सगळं सांगत नाही.

मामा घरी आले. ओट्यावर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, “माझं चुकलं रे.”

आमच्या नात्यात वडीलधाऱ्याच्या तोंडून हे वाक्य मी एकदाच ऐकलंय. राग होता तो तिथंच उतरला. दुसऱ्या दिवशी मामाच मला त्या वेड्याच्या शेडवर घेऊन गेले, आणि कामाला घे म्हणून माझ्याआधी त्यांनी हात जोडले.

भांडी बाजार

पुराचा नियम आमच्या आजोबांनी घालून दिलेला: गोदावरीला पाणी आलं की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडं बघायचं. गुडघ्याला पाणी, तर चहा मागवा. कमरेला, तर खालच्या फळ्यांवरचा माल वर. छातीला, तर गल्ला घ्या आणि घरी चला. २००८ च्या पुरात हा नियम कामाला आला. मग काय, आम्हाला वाटलं आपण नदी ओळखतो.

२०१६ च्या ऑगस्टात शहरातच पाऊस कोसळत होता. मी पुलावर, छत्री धरून, मारुतीवर डोळा ठेवून. अजून वेळ आहे म्हणतोय तोवर दुकानातून पोराचा फोन, “शेठ, पाणी!” नदीकडून नव्हे, मागून. सरस्वती नाला आणि गटारी उलट्या फिरल्या होत्या. तळाचे पितळी हंडे तरंगायला लागले होते, हे हसण्यासारखं आहे, पण त्या दिवशी नव्हतं.

गाळ काढताना आमच्या गल्लीतला जुना हमाल म्हणाला, “मारुती नदीचं सांगतो ओ शेठ. गटारीचं कोन सांगनार? मी रोज तिच्यावरून गाडी ओढतो, आवाज बदलला की मला कळतं.” मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, “इतक्या वर्षांत इचारलं कुनी?”

२०१९ ला पाऊस धरल्यावर मी त्याला आधी फोन लावला. त्यानं म्हटलं, उचला. उचलला. तेव्हापासून दिवाळीचा पहिला डबा त्याच्या घरी जातो. तो मात्र दर वर्षी विचारतो, हे गटारीचं बक्षीस का?

जुनं नाशिक

माझं दोन ओळींत. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या जुन्या हौदात, पहिला धप्पा मारताना मी काठावर थरथरत उभा होतो, वय सोळा. शेजारी सत्तरीचे एक आजोबा, अंगावर फक्त धोतर. म्हणाले, “भीती मला पण वाटते. दर वर्षी.” आणि मारली की उडी! माझ्या तोंडात रंगाचं पाणी गेलं ते मी हसत होतो म्हणून.

(ज्यांनी धागा सुरू केला त्यांच्याकडून: दोघांनी ‘जीवन एक प्रवास आहे’ छापाचे मजकूर टाकलेत. प्रवास असेल तर कुठल्या गाडीनं, शेजारी कोण होतं, तेवढं लिहा. नाहीतर राहू द्या.)

गंगापूर रोड

कॉलेजात असताना आमच्या मेसवर पोळ्या करणाऱ्या ताई मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होत्या. सातवीत शाळा सुटलेली. विद्यापीठाचा तेव्हा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम होता, तो करून त्या पदवीला बसल्या. शिकवायला आम्ही पोरं होतोच, प्रत्येकाला वाटायचं आपण मोठं पुण्य करतोय.

पहिल्या वर्षी दोन पेपर गेले. आम्ही पुन्हा प्रश्नोत्तरं घ्यायला बसलो, तर ताई म्हणाल्या, “मला येत होतं रे सगळं. हात चालला नाही. तीन तास पोळ्या लाटायला सांग, चारशे करून देते. तीन तास लिहायची सवय कुठंय या हाताला?” आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही हे आलं नव्हतं. आम्ही त्यांना ‘समजावून’ सांगत होतो.

मग त्यांनी स्वतःच उपाय काढला. रोज दुपारी मेसचा हिशोब आकड्यांत न लिहिता सलग वाक्यांत लिहायच्या. ‘आज बारा किलो कणीक आणली. गेल्या सोमवारपेक्षा ती काळपट आहे. दुकानदाराला बोलणे आवश्यक आहे.’ अशी चार चार पानं. त्या वह्या आम्ही चोरून वाचायचो. कुणी किती पोळ्या टाकल्या याची नोंद असायची, माझं नाव तीनदा होतं.

पदवी झाली. त्यानंतर मी बरीच वर्षं शिकवण्या घेतल्या. पोरगं नापास झालं की आधी विचारायचो, येत नव्हतं की हात चालला नाही?

नाशिकरोड

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आजोबांच्या कपाळावर डाव्या बाजूला खोक होती. लहानपणी विचारलं की ‘बैलानं मारलं’ म्हणायचे. आम्हाला ते खरंच वाटायचं. मी अकरावीत असताना त्यांच्याबरोबर एसटीनं येवल्याला चाललो होतो. शेजारी एक अनोळखी म्हातारा, आजोबांच्याच वयाचा. दोघांच्या गप्पा बिडीवरून निघाल्या आणि कुठून तरी १९३० वर आल्या. आणि आजोबा त्या परक्या माणसाला शांतपणे सांगायला लागले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह, बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, दारं बंद ठेवलेलं देऊळ, आणि रामनवमीला रथ ओढण्यावरून झालेली दगडफेक. “हा त्यातला,” कपाळावर बोट ठेवून म्हणाले. मी खिडकीशी बसून ऐकत होतो. घरात कुणाला हे माहीत नव्हतं.

उतरल्यावर मी चिडून विचारलं, आम्हाला बैल का सांगितलात? म्हणाले, “तुम्ही लहान होता. बैलाचा राग येत नाही.”

नंतर एकदा, मी नोकरीला लागल्यावर, मला पंचवटीत घेऊन चला म्हणाले. मंदिराच्या दरवाजासमोर उभे राहिले. लोक आत जात होते, बाहेर येत होते, चपला शोधत होते. मी म्हटलं, जायचं का आत? “नाही,” म्हणाले. “दार उघडं आहे ना, तेवढं बघायचं होतं.” येताना शालिमारला भेळ खाल्ली. त्यांना तिखट सोसायचं नाही, तरी खाल्ली.

ओझर

आम्ही मूळचे वऱ्हाडातले. वडील गेले, अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो. उपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि जुन्या बाडांतून एक वही काढली. आमच्या गावातून आजवर जो जो आला त्याच्या घरातली नावं तिच्यात, ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहिलेली. आजोबांची मोडीसारखी वळणं दिसली. खाली वडिलांचं अक्षर, १९७२, आजोबांचं करायला आले होते तेव्हाचं. त्यात माझं नाव, धाकट्याचं नाव, आणि दोघांच्या मध्ये एका मुलीचं.

मी म्हटलं, हे चुकून दुसऱ्यांचं आलं असेल. उपाध्याय म्हणाले, अक्षर बघा. अक्षर वडिलांचंच होतं. आई आधीच गेलेली. घाटाच्या पायरीवरून आत्याला फोन लावला. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “होती रे. नऊ महिन्यांची होऊन गेली. तुझ्या बापाला तिचं नाव काढलेलं चालायचं नाही.”

फोन ठेवल्यावर मी ते उपाध्यायांना सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. ते वही पुसत म्हणाले, “इथं लिहून ठेवलं की घरी बोलावं लागत नाही. पुष्कळ जण तसंच करतात.” आणि पेन माझ्याकडं दिलं. “आता तुमची लिहा.”

मी बायकोचं नाव लिहिलं. दोन्ही मुलींची लिहिली. आम्हाला २००६ मध्ये एक झालं असतं, सातव्या महिन्यात गेलं. त्याचं नाव ठेवलेलं नव्हतं. दोघींच्या मध्ये तेवढी एक रेघ ओढली. उपाध्यायांनी बघितलं, विचारलं काही नाही, शाई वाळेपर्यंत वही उघडी धरून बसले.